यू-नळीतले वेगवेगळे द्रव: दाब कुठे सारखा, कुठे नाही

यू आकाराच्या नळीत पाणी भरलं की दोन्ही बाजूंना ते एकाच पातळीला उभं राहतं. आता डाव्या बाजूने रॉकेल ओता, १० सेमी उंचीचा थर होईल इतकं. रॉकेल पाण्यावर तरंगतं, खालच्या पाण्याला दाबतं, उजवीकडचं पाणी वर चढतं. सगळं स्थिरावल्यावर रॉकेलचा माथा उजवीकडच्या पाण्याच्या माथ्यापेक्षा २ सेमी उंच दिसतो. दोन्ही तोंडं उघडी, दोन्हींवर हवा तीच, तरी पातळ्या वेगळ्या.

अकरावी-बारावीच्या पुस्तकात आणि नीट-जेईईच्या पेपरात हाच प्रश्न नाना वेश घेऊन येतो. मुलं चुकतात ती सूत्र येत नाही म्हणून नव्हे. ‘एकाच आडव्या रेषेवर दाब सारखा असतो’ हे वाक्य पाठ असतं आणि नळीवर मनाला येईल तिथे आडवी रेघ मारून ते वापरलं जातं. ते वाक्य अर्धंच आहे. पूर्ण वाक्य असं: द्रव स्थिर असेल, दोन्ही बिंदूंना तोच द्रव असेल, आणि एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत त्याच द्रवातून, मध्ये दुसरा द्रव किंवा हवा न लागता, जाता येत असेल, तरच एका पातळीवरचे दाब सारखे. या तीन अटी आधी तपासायच्या आणि मगच रेघ मारायची. पुढचं सगळं यातूनच निघतं.

आधी हिशोब सोपा करून घ्या

द्रवाच्या स्तंभामुळे येणारा दाब म्हणजे उंची × घनता × गुरुत्व त्वरण. पास्कलमध्ये उत्तर हवं असेल तर उंची मीटरमध्ये, घनता किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये आणि गुरुत्व त्वरण ९.८ घ्यायचं. पण नळीच्या गणितात दर पायरीला ९.८ ने गुणत बसणं म्हणजे चुकांना आमंत्रण. त्यापेक्षा प्रत्येक द्रवाची उंची ‘पाण्याच्या उंचीत’ बदलून घ्या: उंची गुणिले सापेक्ष घनता, म्हणजे द्रवाची घनता पाण्याच्या किती पट आहे तो आकडा. १० सेमी रॉकेल (सापेक्ष घनता ०.८) म्हणजे ८ सेमी पाणी. १ सेमी पारा म्हणजे १३.६ सेमी पाणी. मग उरते फक्त बेरीज-वजाबाकी. शेवटी पास्कल हवेच असतील तर १ सेमी पाणी म्हणजे ९८ पास्कल, एवढा एकच गुणाकार.

हाताशी ठेवायचे आकडे थोडेच आहेत. पाणी १, रॉकेल सुमारे ०.८, शेंगदाण्याचं तेल सुमारे ०.९२, समुद्राचं पाणी १.०२५, मिठाचं संपृक्त द्रावण सुमारे १.२, ग्लिसरीन १.२६, पारा १३.६. समुद्रसपाटीला हवेचा दाब १,०१,३२५ पास्कल, म्हणजे पाण्याचे साधारण १,०३३ सेमी किंवा पाऱ्याचे ७६ सेमी.

नळी जाड की बारीक, सरळ की वाकडी, याने या हिशोबात काही बदलत नाही. डच गणिती सायमन स्टेविन याने हे १५८६ मध्येच लिहून ठेवलं होतं. तिरप्या नळीत नळीची लांबी मोजू नका. ओळंबा सोडला तर जी उभी उंची मिळेल तीच खरी.

सीमेच्या वर काय घडतं

रॉकेल आणि पाणी जिथे भेटतात त्या सीमेपासून उंची मोजायला लागा. डावीकडे सीमेवर १० सेमी रॉकेल आहे, म्हणजे ८ सेमी पाण्याइतका दाब. त्याच पातळीवर उजवीकडे पाणी आहे, आणि डावीकडच्या सीमेखालच्या पाण्यातून बाक ओलांडून तिथे अखंड जाता येतं. अटी पुऱ्या झाल्या, दाब सारखा. म्हणून उजवीकडे सीमेच्या वर पाणी ८ सेमी. माथ्यांमधला फरक १० वजा ८, म्हणजे २ सेमी.

आता सीमेच्या ३ सेमी वर आडवी रेघ मारा. डावीकडे त्या रेघेच्या वर ७ सेमी रॉकेल आहे, म्हणजे पाण्याचे ५.६ सेमी. उजवीकडे वर ५ सेमी पाणी आहे. एकच पातळी, पण रॉकेलमधला दाब ०.६ सेमीने जास्त. आणखी वर, उजवीकडच्या पाण्याच्या माथ्याच्या रेघेवर, डावीकडे अजून २ सेमी रॉकेल डोक्यावर आहे, म्हणजे १.६ सेमी, उजवीकडे हवेच्या दाबावर शून्य. सीमेपासून जितके सेमी वर जाल, त्याला ०.२ ने गुणलं की फरक मिळतो, आणि हे ०.२ म्हणजे दोन सापेक्ष घनतांमधला फरक. सीमेवर तो शून्य होतो, सीमेखाली शून्यच राहतो.

एवढं एक चित्र कागदावर स्वतः काढून, चार-पाच पातळ्यांवरचे दाब दोन्ही बाजूंना लिहून बघा. दहा गणितं सोडवण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

नळीतून चालत जा

द्रव तीन असोत की पाच, पद्धत एकच. एका टोकाच्या मोकळ्या पृष्ठभागावर उभं राहायचं, तिथला दाब लिहायचा आणि नळीतून दुसऱ्या टोकाकडे चालायला लागायचं. खाली उतरताना त्या द्रवाची पाणी-उंची मिळवायची, वर चढताना वजा करायची. आडवं चाललात तर काहीच करायचं नाही. द्रव बदलला तर सीमेवर दाब तोच राहतो. तिथे उडी नसते, पुढच्या पावलाची किंमत तेवढी बदलते.

उदाहरण घेऊ. तळाला पारा. डाव्या बाहूत पाऱ्यावर १२ सेमी पाणी, त्यावर १९ सेमी रॉकेल. उजवा बाहू उघडा, त्यात फक्त पारा. उजवीकडचा पारा किती उंच?

डावीकडच्या रॉकेलच्या माथ्यावर दाब शून्य धरू, म्हणजे हवेच्या दाबापेक्षा शून्याने जास्त. १९ सेमी रॉकेल उतरलो: १५.२. पाण्यात शिरलो, दाब तोच १५.२. १२ सेमी पाणी उतरलो: २७.२. आता पारा. पाऱ्यातून बाकापर्यंत खाली जाऊन उजवीकडे त्याच पातळीपर्यंत वर आलो की जितकं मिळवलं तितकंच वजा होतं, म्हणून तो प्रवास लिहायचाच नाही. उजवीकडे त्या पातळीला दाब २७.२. तिथून पारा चढत माथ्यावर शून्यावर पोचायचं, दर सेमीला १३.६ कमी होतात. २७.२ भागिले १३.६, म्हणजे २ सेमी.

आता उजवं तोंड बंद आहे, आत थोडा वायू आहे, आणि पारा २ ऐवजी ३ सेमी वर उभा आहे असं समजा. चालणं तेच. २७.२ मधून ४०.८ वजा, उत्तर उणे १३.६. उणे चिन्ह बघून घाबरायचं कारण नाही. वायूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा १३.६ सेमी पाण्याने, म्हणजेच १ सेमी पाऱ्याने कमी आहे. एकूण दाब हवा असेल तर १,०३३ मधून वजा करा: सुमारे १,०१९ सेमी पाणी. प्रश्नात ‘दाब’ म्हणजे एकूण दाब की हवेपेक्षा जास्तीचा, हे वाचायला विसरू नका. गुण जातात ते बहुधा इथे.

दोन बाहू सारखे जाड नसतील तर दाबाच्या समीकरणात काही बदलत नाही, पण मूळ पातळीपासून कोण किती सरकलं हे बदलतं. उजवा बाहू डाव्यापेक्षा चौपट क्षेत्रफळाचा असेल आणि डावीकडे तेच १० सेमी रॉकेल ओतलं, तर सीमेपासून उजवीकडच्या पाण्याची उंची ८ सेमीच. डावीकडे पाणी जितकं उतरतं त्याच्या पाव पट उजवीकडे चढतं, कारण सरकलेलं पाणी तेवढंच आहे. उतार अधिक पाव उतार म्हणजे ८, उतार ६.४ सेमी, चढ १.६ सेमी. सारख्या बाहूंत तो ४ आणि ४ झाला असता. दाबाचं समीकरण वेगळं, पाण्याच्या आकारमानाचं वेगळं. दोन्ही एकाच ओळीत कोंबायला गेलं की गोंधळ होतो.

नळी घरी बांधायची तर

हार्डवेअरच्या दुकानात लेव्हल पाइप म्हणून जी पारदर्शक प्लास्टिकची नळी मिळते ती चालेल. आतला व्यास ८ ते १० मिमी बघून घ्या आणि सव्वा मीटर कापून आणा. बारीक नळी नको, कारण बारीक नळीत द्रव भिंतीला धरून वर ओढला जातो. १ मिमी त्रिज्येच्या स्वच्छ काचेच्या नळीत पाणी जवळजवळ दीड सेमी आपोआप चढतं. दोन्हीकडे पाणीच असेल तर ही चूक एकमेकांत वजा होते. एकीकडे तेल, दुसरीकडे पाणी असताना ती वजा होत नाही.

फळीवर आलेख कागद चिकटवा, त्यावर नळी यू आकारात तारेने किंवा टेपने बांधा, बाहू ४० सेमीचे तरी ठेवा आणि फळी ओळंब्यात उभी करा. पाण्यात खाण्याच्या रंगाचे एक-दोन थेंब टाका. दोन्ही बाहूंत २० सेमी येईल एवढं पाणी भरा. बाकाशी बुडबुडे अडकतात, नळीला टिचक्या मारून ते वर काढा. पाणी दोन्हीकडे एकाच रेघेवर आलं नाही तर पुढे जाऊ नका. बुडबुडा तरी आहे किंवा कागद तिरका चिकटलाय.

आता सुई काढलेल्या सिरिंजने शेंगदाण्याचं तेल एका बाजूने, भिंतीवरून ओघळेल असं, अगदी सावकाश सोडा. थर २० सेमी झाला की थांबा. तेल भिंतीवरून निथळायला वेळ घेतं, पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. मग सीमेची रेघ दोन्ही बाहूंवर आडवी नेऊन तिथून वर मोजा. तेल २०.० सेमी असेल तर पाणी साधारण १८.४ सेमी येईल. १८.४ भागिले २०.० म्हणजे ०.९२.

पाणी किती भरायचं याला कारण आहे. सारख्या बाहूंत सीमा मूळ पातळीच्या ९.२ सेमी खाली जाते. पाणी त्याहून कमी असेल तर तेल बाक ओलांडून पलीकडे जातं आणि उजवीकडच्या पाण्यातून बुडबुड्यांसारखं वर येतं. सोपा नियम: एका बाहूतलं पाणी तेलाच्या नियोजित थराच्या निम्म्याहून बरंच जास्त हवं.

तेल ओतताना तेल आणि पाण्यामध्ये हवेचा तुकडा अडकला तर सगळं उपसायची गरज नाही. हवेचं वजन इथे नगण्य आहे, म्हणून तिच्यातून दाब जसाच्या तसा खाली पोचतो. तेलाची उंची मोजताना हवेची लांबी सोडून द्या, आणि हवेच्या खालच्या टोकाला, म्हणजे पाण्याच्या माथ्याला, सीमा समजा.

यावरून तेलातली भेसळ पकडता येईल का, असा प्रश्न येतोच. नाही. दोन्ही उंचींत एकेक मिलिमीटरची चूक झाली तर उत्तर ०.९१ ते ०.९३ मध्ये कुठेही पडतं, आणि सोयाबीन, सूर्यफूल, शेंगदाणा ही तेलं त्याच पट्ट्यात आहेत. रॉकेल आणि गोडेतेल यांतला फरक ही नळी चोख दाखवते, त्यापुढे नाही.

पारा मात्र घरी आणू नका. त्याची वाफ विषारी असते आणि सांडलेला पारा फरशीच्या फटीत जाऊन बसतो.

एकमेकांत मिसळणारे द्रव

मीठपाणी आणि साधं पाणी यू-नळीत समोरासमोर ठेवता येत नाही, सीमा पुसट होत जाते. प्रयोगशाळेत यावर दोन उपाय आहेत. एक, दोघांमध्ये पारा ठेवणं. दुसरा, हेअरचं उपकरण, आणि हा घरीही करता येतो.

दोन उभ्या नळ्या वर टी-जोडाने एकत्र आणा, जोडाच्या तिसऱ्या तोंडाला सिरिंज लावा. एका नळीचं खालचं टोक पाण्याच्या पेल्यात, दुसरीचं मीठपाण्याच्या पेल्यात. सिरिंजचा दट्ट्या हळूच ओढा, दोन्ही द्रव चढतील. सिरिंजकडे जाणारी नळी चिमटीने बंद करा आणि मिनिटभर बघत राहा. पातळी उतरत असेल तर कुठेतरी हवा शिरते आहे. दोन्ही नळ्यांत वरती तीच हवा, म्हणजे तोच दाब. दोन्ही पेल्यांवर तीच बाहेरची हवा. म्हणून उंची × घनता दोन्हीकडे सारखी. पाणी ३०.० सेमी आणि मीठपाणी २५.० सेमी आलं तर मीठपाण्याची सापेक्ष घनता १.२. उंची मोजायची ती पेल्यातल्या द्रवाच्या पृष्ठभागापासून, पेल्याच्या तळापासून नव्हे. द्रव वर गेला की तो पृष्ठभाग थोडा उतरलेला असतो, आणि दोन पेल्यांत सारखाच उतरलेला असेल असं नाही.

इथे सिरिंज द्रवाला ‘ओढत’ नाही. ती वरची हवा विरळ करते, आणि पेल्यावरची हवा द्रवाला खालून ढकलते. म्हणूनच याला मर्यादा आहे. समुद्रसपाटीला पाणी फार तर १०.३ मीटर चढेल, पारा ७६ सेमी. पुण्याच्या उंचीवर हेच आकडे सुमारे ९.७ मीटर आणि ७१ सेमी होतात. महाबळेश्वरला पाणी पावणेनऊ मीटरच्या आसपास थांबतं. विहिरीच्या काठावर ठेवलेला पंप खोल पाणी का उचलत नाही, त्याचं उत्तर हेच. प्रत्यक्षात घर्षण आणि गळतीमुळे तो याच्याही बराच आधी हात टेकतो.

वेगवेगळ्या द्रवांचा यापेक्षा देखणा प्रयोग मला माहीत नाही, तो ब्लेझ पास्कलने १६४६-४७ च्या सुमारास फ्रान्समधल्या रुआं शहरात लोकांसमोर केला. तोरिचेल्लीचा पाऱ्याचा प्रयोग (एका टोकाला बंद नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्या भांड्यात उलटी उभी करायची, पारा थोडा उतरून वर रिकामी जागा राहते) तेव्हा दोन-तीन वर्षं जुना होता आणि नळीच्या वरच्या रिकाम्या भागात काय आहे यावर वाद रंगले होते. एक मत असं, की ती जागा द्रवातून निघालेल्या वाफेने भरलेली असते. वाइनमधून वाफ जास्त निघते, म्हणजे तिने वाइनला पाण्यापेक्षा जास्त खाली ढकलायला हवं. पास्कलने जहाजाच्या डोलकाठीला बांधलेल्या लांबलचक काचेच्या नळ्यांत एकीकडे पाणी, एकीकडे तांबडी वाइन घेतली. वाइन पाण्यापेक्षा किंचित वरच थांबली. तिची घनता किंचित कमी, म्हणून स्तंभ किंचित उंच. हेअरच्या उपकरणातला हिशोबच, फक्त दहा मीटर उंचीवर. पुढे १९ सप्टेंबर १६४८ रोजी त्याचा मेहुणा फ्लोरॅं पेरिए पाऱ्याची नळी घेऊन प्वी-द-दोम डोंगरावर चढला आणि माथ्यावर पारा पायथ्यापेक्षा आठ सेमीहून जास्त खाली आलेला दिसला.

रोजच्या वापरातल्या नळ्या

तरंगत्या टाकीच्या गोबरगॅस संयंत्रात वायूचा दाब साधारण १० सेमी पाण्याच्या आसपास असतो, आणि तो मोजायला पाण्याची यू-नळी पुरते. एक तोंड गॅसच्या नळीला, दुसरं उघडं. गॅसकडचं पाणी ५ सेमी उतरतं, उघड्या बाजूचं ५ सेमी चढतं, दाब १० सेमी. मूळ रेघेपासूनचा ५ वाचून तोच दाब समजायचा ही नेहमीची गफलत आहे. दोन पातळ्यांमधलं पूर्ण अंतर घ्यायचं. दाब वाढवायला टाकीवर धोंडे ठेवतात, ते बरोबरच आहे, कारण दाब म्हणजे टाकीचं वजन भागिले तिचं क्षेत्रफळ. नळीचे बाहू आखूड असतील तर दाब चढल्यावर पाणी बाहेर उडतं आणि गॅस सुटतो, म्हणून अशी नळी चुलीजवळ लावू नये.

सलाइनची बाटली हातापेक्षा एक मीटर वर टांगली की सुईशी सुमारे १०० सेमी पाण्याचा, म्हणजे पाऱ्याच्या ७४ मिमीच्या जवळपास दाब येतो. शिरेतला दाब त्याहून बराच कमी, म्हणून सलाइन आत जातं. रुग्णाला उठवताना बाटली हाताखाली आली तर फरक उलटतो आणि नळीत रक्त चढताना दिसतं. धमनीतला वरचा दाब १२० मिमी पारा, म्हणजे १६३ सेमी पाणी. तिथे एक मीटरवरची बाटली काहीच करू शकणार नाही. नळीची कितीही वेटोळी झाली तरी द्रव थांबलेला असताना ती हिशोबात येत नाहीत, बाटलीतली पातळी आणि सुई यांतली उभी उंची तेवढी येते.

गवंड्याचा लेव्हल पाइप ही दोन्ही बाजूंना पाणीच असलेली यू-नळी, तरीही तिच्यात ‘दोन द्रव’ शिरू शकतात. पहिला म्हणजे हवा. भिंतीला चिकटलेला लहान बुडबुडा निरुपद्रवी, कारण त्याच्या बाजूने पाणी अखंड आहे. पण उभ्या भागात नळीभर पसरलेला ३ सेमीचा हवेचा तुकडा पातळीत पूर्ण ३ सेमीची चूक घालतो. तोच तुकडा अगदी आडव्या भागात असेल तर काही बिघडत नाही. मात्र नळी जमिनीवर खरंच आडवी आहे असं कोण सांगणार, म्हणून तो काढलेलाच बरा.

दुसरा शिरतो उन्हामुळे. ३० अंशांच्या पाण्याची घनता ०.९९५७, ५० अंशांच्या पाण्याची ०.९८८०. एका बाजूची उभी नळी सावलीत आणि दुसरी एप्रिलच्या उन्हात तापलेल्या भिंतीला टेकलेली असेल, उभा भाग एक मीटरचा असेल, तर तापलेल्या बाजूचं पाणी सुमारे ८ मिमी वर उभं राहतं. घनता वेगळी झाली की ते दुसरं द्रवच. यावर उपाय तीन: मोठी लेव्हल सकाळी लवकर काढायची, ते जमत नसेल तर नळीतून ताजं पाणी वाहू देऊन दोन्हीकडचं तापमान सारखं करायचं, आणि उभा भाग शक्य तितका आखूड ठेवायचा, कारण चूक त्याच्या लांबीच्या प्रमाणात वाढते. जमिनीवर आडवा पडलेला भाग उन्हात असला तर चालतो.